शिक्षण संपलं, खरं काम सुरू झालं : महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांची गोष्ट

समाजकार्याची पदवी घेऊन एखादा मुलगा किंवा मुलगी आखाडा बाळापूरला परत येते तेव्हा पहिली चौकशी घरातच होते. नोकरी कुठं लागली, पगार किती, कायम आहे की प्रकल्प संपेपर्यंत? दुसरी चौकशी गावात होते. नेमकं काम काय करणार? बँकेत लागलेल्या मुलाला किंवा पोलिसात भरती झालेल्या मुलीला हे कुणी विचारत नाही. समाजकार्य शिकलेल्याला मात्र आपलं काम समजावून सांगण्यापासूनच सुरुवात करावी लागते.

काम नाही असं नाही. नांदेड-हिंगोली रस्त्यावरचं आखाडा बाळापूर हे कळमनुरी तालुक्यातलं बाजाराचं गाव. आसपास हळद, सोयाबीन, कापूस. तालुक्यात आंध आदिवासींची वस्ती मोठी, म्हणून आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालयही कळमनुरीला आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुलं शाळेत टिकवायची, अल्पवयीन मुलीचं लग्न थांबवायचं, बचत गटाची वही नीट ठेवायला शिकवायचं, आत्महत्या झालेल्या शेतकऱ्याच्या घरी जाऊन बसायचं, वनहक्काच्या दाव्याचे कागद जुळवायचे. यातलं प्रत्येक काम अवघड आहे. वर्गात शिकलेलं इथं जसंच्या तसं चालत नाही हे पहिल्या दोन-तीन महिन्यांतच कळतं.

ही अडचण आजची नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी एक मराठी तरुण ऑक्सफर्डमध्ये दोन वर्षं शिकून मुंबईत परत आला आणि त्याच्यापुढे जवळपास हेच प्रश्न उभे राहिले. त्याचं नाव विठ्ठल रामजी शिंदे. अस्पृश्यता निवारणाचं काम करणारे महर्षी म्हणून त्यांचं नाव पाठ्यपुस्तकात येतं. नव्यानं शिकून आलेला कार्यकर्ता म्हणून त्यांनी काय सोसलं आणि तग कसा धरला, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही.

शिंदे कोण होते?

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८७३ चा. गाव जमखंडी. हे तेव्हा एक छोटं संस्थान होतं, आज ते कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात आहे. वडील रामजी बसाप्पा संस्थानात नोकरीला होते. आई यमुनाबाई. घर मराठा, वळण वारकरी. पंढरीची वारी, भजन, दारी आलेल्याला जेवू घालणं, यातच लहानपण गेलं. लग्नही त्या काळच्या रीतीप्रमाणे लहानपणीच झालं. पत्नीचं नाव रुक्मिणीबाई.

घरची परिस्थिती ओढगस्तीची होती. १८९१ साली मॅट्रिक झाल्यावर पुढचं शिक्षण कसं करायचं हा प्रश्नच होता. १८९३ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात आले. गंगारामभाऊ म्हस्के यांच्या डेक्कन मराठा एज्युकेशन असोसिएशननं शिष्यवृत्ती दिली. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांचीही मदत मिळाली. १८९८ साली ते बी.ए. झाले आणि वकिलीचा अभ्यास सुरू केला.

वकील झाले असते तर घरचे दिवस पालटले असते. पण याच काळात त्यांची प्रार्थना समाजाशी ओळख झाली. न्यायमूर्ती रानडे, डॉ. रा. गो. भांडारकर, सर नारायण चंदावरकर अशी माणसं या समाजात होती. एकेश्वरी उपासना, जातिभेदाला विरोध आणि संतांच्या अभंगांचा आधार, हे समाजाचं स्वरूप वारकरी घरातून आलेल्या शिंद्यांना जवळचं वाटलं. त्यांनी वकिली सोडली आणि धर्मप्रचाराचं आणि समाजसेवेचं काम पत्करलं. घरच्यांच्या दृष्टीनं हा मोठा धक्का होता. ज्याच्या शिक्षणासाठी सगळ्यांनी पोटाला चिमटा काढला, तो मुलगा कमाईची वाट सोडून निघाला होता.

तेव्हा समाजकार्य शिकायचं कुठं?

भारतात तेव्हा अशी सोयच नव्हती. जगातही हे शिक्षण नुकतं सुरू होत होतं. लंडनच्या गरीब वस्तीत १८८४ साली टॉयन्बी हॉल सुरू झाला. विद्यापीठातल्या तरुणांनी वस्तीत राहून काम करायचं, ही त्यामागची कल्पना. ती पाहून जेन ॲडम्स यांनी १८८९ साली अमेरिकेत शिकागोला हल हाउस उभं केलं. न्यूयॉर्कला १८९८ साली उन्हाळी वर्ग भरला आणि १८९९ साली ॲमस्टरडॅमला समाजकार्याचं शिक्षण देणारी स्वतंत्र शाळा निघाली.

भारतात गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ साली पुण्यात भारत सेवक समाज काढला. तिथं तरुण सभासदाला काही वर्षं तयारी करून घेत आणि निर्वाहापुरतं वेतन देत. ना. म. जोशी यांची सोशल सर्व्हिस लीग १९११ ची. पदवीनंतरचं रीतसर शिक्षण सुरू व्हायला १९३६ साल उजाडलं. त्या वर्षी मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावानं समाजकार्याची शाळा निघाली. क्लिफर्ड मॅनशार्ट हे तिचे पहिले संचालक. पुढं १९४४ मध्ये या शाळेचं नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झालं. तिचं एक केंद्र आज मराठवाड्यात तुळजापूरला आहे.

म्हणजे शिंदे शिकायला निघाले तेव्हा समाजकार्य हा शब्दही आजच्या अर्थानं रुळलेला नव्हता. त्यांना जे मिळालं ते धर्मशिक्षणाच्या वाटेनं मिळालं. ब्रिटनमधले युनिटेरियन पंथाचे लोक ब्राह्मो समाज आणि प्रार्थना समाज यांना आपले मित्र मानत. ते भारतातल्या एका तरुणाला ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात शिकायला शिष्यवृत्ती देत. ती १९०१ साली शिंद्यांना मिळाली.

ऑक्सफर्डमध्ये त्यांनी काय मिळवलं?

१९०१ ते १९०३ अशी दोन वर्षं ते तिथं होते. जेम्स ड्रमंड प्राचार्य होते. एस्टलिन कार्पेंटर, चार्ल्स अप्टन असे नावाजलेले शिक्षक होते. शिंद्यांनी धर्मांचा तौलनिक अभ्यास केला, पाली भाषा आणि बौद्ध धर्म शिकला, समाजशास्त्र वाचलं.

वर्गाबाहेरचं शिक्षण त्यांना जास्त उपयोगी पडलं. युनिटेरियन मंडळींनी १८३० च्या दशकापासून ब्रिटनच्या औद्योगिक शहरांत गरिबांसाठी मिशनं चालवली होती. कामगार वस्तीत एक इमारत असायची. तिथं मुलांची शाळा, बायकांसाठी शिवणवर्ग, वाचनालय, आजाऱ्याची चौकशी आणि रविवारी उपासना चालायची. धर्माचं काम आणि पोटापाण्याचं काम एकाच छपराखाली होत होतं. प्रवचन देऊन निघून न जाता वस्तीत ठाण मांडायचं, हा धडा शिंद्यांनी तिथं घेतला.

१९०३ साली ॲमस्टरडॅमला उदारमतवादी धर्मपंथांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथं त्यांनी भारतातल्या उदार धर्मावर निबंध वाचला आणि त्यानंतर ते मायदेशी परतले. वय तीस. विलायतेत शिकून आलेला, परिषदेत बोललेला, उत्साहानं भरलेला तरुण. मुंबई प्रार्थना समाजानं त्यांना प्रचारक म्हणून नेमलं.

पहिली अडचण : शिकलेलं आणि समोर असलेलं

प्रचारकाचं काम म्हणजे साप्ताहिक उपासना, व्याख्यानं, प्रवास आणि पत्रव्यवहार. शिंद्यांनी ते मनापासून केलं. विलायतेत पाहिलेलं पोस्टल मिशन, म्हणजे टपालानं उदार धर्माची पुस्तकं-पत्रकं पाठवण्याची पद्धत, त्यांनी इथं सुरू केली. तरुणांचा संघ काढला.

पण प्रार्थना समाजात येणारी माणसं कोण होती? शिकलेली, नोकरदार, मुंबईच्या बऱ्या वस्तीत राहणारी. मिशनची कल्पना ज्यांच्यासाठी होती ती माणसं समाजाच्या मंदिरात येतच नव्हती. गिरणीत आणि गोदीत राबणारे, म्युनिसिपालिटीत झाडूकाम करणारे, चाळीच्या कडेला झोपडीत राहणारे अस्पृश्य कामगार या साऱ्या सुधारणेच्या बाहेर होते. ब्रिटनमधल्या गरिबाला गरिबी होती. इथल्या गरिबाला त्यावर जातही होती. पाणवठा वेगळा, शाळेत बसायची जागा वेगळी, देवळाची पायरी बंद. ब्रिटनमधला आराखडा इथं तसाच लावून भागणार नव्हतं.

नव्या कार्यकर्त्याला नेमकं इथंच गोंधळायला होतं. दोन चुका सहज होतात. एक, शिकलेलं सगळं निरुपयोगी म्हणून टाकून देणं. दुसरी, समोरचं न पाहता पुस्तकातलंच चालवत राहणं. शिंद्यांनी तिसरी वाट धरली. त्यांनी आधी माहिती जमवली. सयाजीरावांच्या सांगण्यावरून बडोदा संस्थानातल्या अस्पृश्यांच्या शाळा पाहिल्या. १९०१ च्या शिरगणतीचे आकडे काढून देशात अस्पृश्य मानलेल्यांची संख्या किती, त्यांची स्थिती कशी, याचा हिशेब मांडला. प्रचारक म्हणून प्रवासाला गेले की त्या गावातल्या महारवाड्यात, मांगवाड्यात जाऊन यायचे.

१९०५ साली अहमदनगरजवळ (आताचं अहिल्यानगर) भिंगार इथं अस्पृश्यांची सभा होती. शिंदे तिला गेले. तिथं जे पाहिलं-ऐकलं त्यानं त्यांच्या मनातला विचार पक्का झाला. या कामासाठी स्वतंत्र संस्था हवी, आणि ती आपणच काढायची.

दुसरी अडचण : पाठीशी कोण?

१८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत परळ भागात एक शाळा सुरू झाली. डिप्रेस्ड क्लासेस मिशन, मराठीत निराश्रित साहाय्यकारी मंडळी, या संस्थेचं हे पहिलं पाऊल. सर नारायण चंदावरकर अध्यक्ष झाले आणि शिंदे चिटणीस. शेठ दामोदरदास सुखडवाला यांनी सुरुवातीला हजार रुपये दिले. शाळेबरोबरच वसतिगृह, दवाखाना, शिवणवर्ग, उपासना अशी कामं वाढत गेली.

बाहेरून पाहणाऱ्याला हे सगळं झपाट्यानं झालं असं वाटतं. आतली गोष्ट वेगळी होती. प्रार्थना समाजानं संस्था म्हणून हे काम अंगावर घेतलं नव्हतं. त्यातले काही सभासद वैयक्तिक मदत करत होते. शिंदे पगारी प्रचारक समाजाचे आणि जीव अडकला मिशनमध्ये, अशी स्थिती. नेमणूक एका कामासाठी आणि गरज दुसऱ्या कामाची. आजच्या प्रकल्पांतही हे चित्र दिसतं. पोषण आहाराच्या प्रकल्पावर नेमलेली कार्यकर्ती वस्तीत जाते आणि तिथं खरा प्रश्न दारूचा किंवा जमिनीच्या वादाचा असतो. अहवालात मात्र पोषणाचेच रकाने असतात.

मतभेद वाढत गेले आणि १९१० साली शिंद्यांनी प्रचारकपद सोडलं. प्रार्थना समाजाशी असलेलं मनाचं नातं त्यांनी कधी तोडलं नाही. उपासना, भजन, एकेश्वरी श्रद्धा शेवटपर्यंत राहिली. सोडलं ते पद. संस्थेशी पटलं नाही म्हणून विचारच टाकून देणारे बरेच असतात. शिंद्यांनी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या.

तिसरी अडचण : पैसा आणि घर

मिशनसाठी वर्गणी मागत फिरणं हा त्यांच्या रोजच्या कामाचा भाग होता. मुंबईच्या शेठ मंडळींकडे, संस्थानिकांकडे, सरकारी अधिकाऱ्यांकडे. १९१२ पर्यंत मिशनच्या २३ शाळा आणि ५ वसतिगृहं चालू होती. शिक्षकांचे पगार, मुलांचं जेवण, इमारतींचं भाडं दर महिन्याला द्यावं लागे. देणगी मात्र दर महिन्याला येत नसे.

या सगळ्यात घराची फरफट झाली नसती तरच नवल. पण इथं एक वेगळी गोष्ट घडली. घर मिशनमध्येच आलं. बहीण जनाबाई सासरच्या छळातून सुटून माहेरी आल्या होत्या. विठ्ठलरावांनी त्यांना पुण्यात शिकवलं. पुढं त्या मिशनच्या कामात उतरल्या आणि वस्तीतल्या बायकांमध्ये मिसळून काम करू लागल्या. रुक्मिणीबाई आणि वडीलधारी माणसंही मिशनच्या आवारात राहिली. सोवळंओवळं पाळणाऱ्या काळात जमखंडीच्या एका मराठा कुटुंबानं अस्पृश्य मुलांबरोबर एका आवारात राहणं म्हणजे नात्यागोत्यातून बाजूला पडणंच होतं.

महर्षी म्हणून नाव विठ्ठलरावांचं झालं. त्यामागे जनाबाई आणि रुक्मिणीबाई यांचे कष्ट होते, हे विसरता येत नाही. कार्यकर्त्याचा त्याग आपण मोजतो, त्याच्या घरानं न विचारता दिलेला त्याग मोजत नाही. आज काम सुरू करणाऱ्या मुलामुलींनी घरच्यांशी आधीच मोकळेपणानं बोलून घ्यावं. पैसे किती येतील, वेळ किती जाईल, गावात काय बोललं जाईल, हे घराला आधी कळलेलं असलं तर पुढचे निम्मे वाद टळतात.

चौथी अडचण : दोन्ही बाजूंचा रोष

१९१२ साली शिंदे पुण्यात राहायला आले. तिथं मिशनची शाखा आधीपासून होती. पुढं होळकरांच्या देणगीतून पुण्यात मिशनची मोठी वास्तू उभी राहिली. तिला अहिल्याबाईंचं नाव देऊन अहिल्याश्रम म्हटलं गेलं. ही इमारत १९२२ साली पूर्ण झाली.

याच दहा वर्षांत त्यांचं काम देशपातळीवर पोहोचलं. १९१७ साली कलकत्त्याला काँग्रेसचं अधिवेशन झालं. अध्यक्ष होत्या ॲनी बेझंट. त्या अधिवेशनात अस्पृश्यतेविरुद्ध ठराव झाला, त्यामागे शिंद्यांची खटपट होती. १९१८ च्या मार्चमध्ये मुंबईत अस्पृश्यता निवारणाची मोठी परिषद भरली. सयाजीराव गायकवाड अध्यक्ष होते. लोकमान्य टिळक त्या परिषदेत अस्पृश्यतेच्या विरोधात बोलले, मात्र वैयक्तिक आचरणाच्या प्रतिज्ञापत्रावर त्यांनी सही केली नाही. अशा माणसांना एका मंडपात आणणं हेच मोठं काम होतं.

पण सगळ्यांना एकत्र आणणारा माणूस कुणाचाच राहत नाही. सनातन्यांना शिंदे बाटलेले वाटत. ब्राह्मणेतर चळवळीतल्या काहींना ते काँग्रेसच्या आणि ब्राह्मण पुढाऱ्यांच्या फार जवळचे वाटत. राष्ट्रीय पक्षाच्या लोकांना त्यांची सामाजिक मतं पचत नव्हती. १९२० च्या कौन्सिल निवडणुकीत मराठ्यांसाठी राखून ठेवलेल्या जागेऐवजी ते सर्वसाधारण जागेवरून उभे राहिले. जातीच्या नावावर निवडून जायचं नाही हा आग्रह. ते पडले.

सर्वांत जिव्हारी लागणारा विरोध आणखी वेगळ्या ठिकाणाहून आला. १९१९ साली मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे शिंद्यांनी साक्ष दिली. त्याच समितीपुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीही साक्ष दिली. अस्पृश्यांचे प्रतिनिधी कोणी आणि कसे निवडायचे, यावर तीव्र मतभेद झाले. अस्पृश्य समाजात आता शिकलेली पिढी उभी राहत होती. तिचं म्हणणं सरळ होतं. आमच्या वतीनं बोलायला आता दुसऱ्या कुणाची गरज नाही, आमच्या संस्था आम्हीच चालवू.

१९२३ : सूत्रं सोपवण्याची वेळ

मिशनचा कारभार आपल्या लोकांच्या हाती असावा ही मागणी मिशनमध्येही जोर धरू लागली. १९२३ साली शिंदे कार्यकारी जबाबदारीतून बाजूला झाले. सतरा वर्षं वाढवलेली संस्था त्यांनी सोडली तेव्हा त्यांचं वय पन्नास होतं.

या घटनेकडे दोन बाजूंनी पाहता येतं. एका बाजूला, ज्यानं घरदार या कामात घातलं त्याला बाजूला व्हावं लागणं क्लेशाचं होतं. दुसऱ्या बाजूला, ज्यांच्यासाठी संस्था काढली तीच माणसं तिचा ताबा मागू लागली, याचा अर्थ शाळा आणि वसतिगृहांनी आपलं काम केलं होतं. शिकलेल्या माणसानं आपल्या आयुष्याचे निर्णय आपण घ्यावेत म्हणूनच तर शाळा काढायच्या असतात.

वेदना खरी होती आणि मागणीही न्याय्य होती. दुसऱ्यासाठी काम करणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला हा क्षण कधी तरी येतो. बचत गटाच्या बायका एक दिवस सांगतात की बँकेत आमच्या आम्ही जाऊ. तेव्हा मनाला लागतं. पण तोच दिवस कामाच्या यशाचा असतो.

त्यांनी तग कसा धरला?

शिंद्यांच्या आयुष्यात डोकावलं तर चार-पाच गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात.

पहिली, लिहिणं. त्यांनी तरुणपणी रोजनिशी लिहिली, ऑक्सफर्डमध्ये लिहिली, पुढं तुरुंगातही लिहिली. त्यांच्या रोजनिशीचं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १९७९ साली प्रसिद्ध झालं. मनातला राग, शंका, थकवा यांना कागदावर जागा मिळत होती. आज समाजकार्याच्या अभ्यासक्रमात क्षेत्रकार्याची डायरी लिहायला लावतात, त्यामागे हाच विचार असतो. बरेच विद्यार्थी ती गुणांपुरती लिहितात आणि नोकरी लागली की बंद करतात. खरी गरज तर तेव्हाच सुरू होते.

दुसरी, अभ्यास. कामाचा ताण वाढला की वाचन सुटतं. शिंद्यांचं सुटलं नाही. मिशन सोडल्यावरही अस्पृश्यतेचा इतिहास ते शोधत राहिले. १९३३ साली त्यांचं भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न हे पुस्तक आलं. आधार घेतले ते जुने ग्रंथ, भाषा आणि देशभर फिरून स्वतः पाहिलेल्या जमाती यांचे.

तिसरी, सोबत. जनाबाई, सय्यद अब्दुल कादर यांच्यासारखे सहकारी, चंदावरकरांसारखे वडीलधारे, सयाजीरावांसारखा पाठीराखा. एकट्याच्या बळावर यातलं काहीच उभं राहिलं नसतं. सल्ला मागायला कुणी तरी असणं ही नव्या कार्यकर्त्याची पगाराइतकीच मोठी गरज आहे.

चौथी, श्रद्धा. रोजची उपासना आणि अभंग यांनी त्यांना आतून धरून ठेवलं. प्रत्येकाची श्रद्धा देवावरच असेल असं नाही. पण काम कोसळलं तरी आपण कोसळणार नाही, असं काही तरी प्रत्येकाजवळ असावं लागतं.

पाचवी, एक दार बंद झालं तर दुसरीकडे वळण्याची तयारी. मिशन सोडल्यानंतर १९२४ साली ते ब्राह्मो समाजाच्या कामासाठी मंगळूरला गेले. त्याच वर्षी केरळात वायकोमला देवळाच्या भोवतालचा रस्ता अस्पृश्यांना खुला व्हावा म्हणून सत्याग्रह सुरू होता. शिंदे तिथं जाऊन आले. पुढं शेतकरी परिषदांमधून कुळांचे आणि शेतकऱ्यांचे प्रश्न मांडले. १९३० च्या सविनय कायदेभंगात भाग घेऊन, वय सत्तावन्न असताना, येरवड्याच्या तुरुंगात सहा महिन्यांची सक्तमजुरीची शिक्षा भोगली. शेवटची वर्षं आजारपणात गेली. त्यातही माझ्या आठवणी व अनुभव हे आत्मचरित्र त्यांनी पूर्ण केलं. २ जानेवारी १९४४ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. टाटांच्या समाजकार्य शाळेला आजचं नाव मिळालं तेही याच वर्षी.

आज वेगळं काय हवं?

शिंद्यांचं आयुष्य वाचून एक चुकीचा निष्कर्ष काढला जातो. तो म्हणजे समाजकार्यात सोसावंच लागतं, ज्याला सोसत नाही त्यानं यात येऊ नये. हा निष्कर्ष सोयीचा आहे, कारण त्यामुळं नेमणाऱ्या संस्थेची जबाबदारी संपते. शिंदे टिकले ते असामान्य होते म्हणून आणि घर त्यांच्या मागे उभं राहिलं म्हणून. कळमनुरी तालुक्यातल्या एखाद्या वस्तीवर काम करणाऱ्या तेवीस वर्षांच्या मुलीकडून महर्षी होण्याची अपेक्षा ठेवणं अन्यायाचं आहे.

जगात काही ठिकाणी हे ओळखून व्यवस्था केली गेली. इंग्लंडमध्ये २०१२ पासून नव्या समाजकार्यकर्त्यांसाठी नोकरीचं पहिलं वर्ष आधाराचं आणि मूल्यमापनाचं मानलं जातं. त्या वर्षात कामाचा बोजा बेतानं द्यायचा, अनुभवी माणसानं ठरावीक काळानं बसून बोलायचं, शिकायला वेगळा वेळ ठेवायचा, अशी रचना असते. या बोलण्याला तिथं सुपरव्हिजन म्हणतात. आपल्याकडे सुपरव्हिजन म्हटलं की तपासणी डोळ्यांपुढे येते. किती घरं झाली, किती फॉर्म भरले. खरा अर्थ वेगळा आहे. कालच्या घरात काय झालं, ते पाहून तुला काय वाटलं, पुढच्या वेळी काय करशील, हे विचारणारं माणूस असणं म्हणजे सुपरव्हिजन.

याला फार पैसा लागत नाही. तालुक्यात काम करणाऱ्या वेगवेगळ्या संस्थांच्या नव्या मुलामुलींनी महिन्यातून एकदा बाजाराच्या दिवशी एकत्र बसलं आणि त्यांच्यात एक अनुभवी अंगणवाडी पर्यवेक्षिका किंवा निवृत्त शिक्षक बसला, तरी बराच फरक पडतो. संस्थेनं नेमणूकपत्रात काम, वेळ आणि पगार स्पष्ट लिहिला, रात्रीबेरात्री वस्तीत जायची वेळ आली तर सोबतीला कोण जाईल हे ठरवून दिलं, तर आणखी फरक पडतो. बालविवाह थांबवायला गेलेल्या कार्यकर्तीला त्याच गावात उद्या पुन्हा जायचं असतं. तिच्या मागे संस्था आणि प्रशासन उभं आहे हे गावाला दिसलं पाहिजे.

शिंदे ज्या काळात परळला शाळा काढत होते त्या काळात आजचा हिंगोली जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. मुंबई-पुण्याच्या सुधारणांचा वारा इकडे उशिरा आला. याच जिल्ह्यात नरसी नामदेव आहे, संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जाणारं. नामदेवांनी चोखोबांना आपलं मानलं ती आठवण इथली माणसं अजून जपतात. शिंद्यांच्या जमखंडीच्या घरातही हाच वारकरी वारसा होता. त्या वारशातून आलेल्या एका माणसानं परदेशी शिक्षणाची जोड घेऊन काम उभं केलं, वेळ आली तेव्हा ते दुसऱ्यांच्या हाती दिलं आणि पुन्हा नव्या ठिकाणी सुरुवात केली.

आखाडा बाळापूरला पदवी घेऊन परतणाऱ्या मुलामुलीला घरचे आणि गावकरी जे प्रश्न विचारतात ते विचारत राहतील. त्यांची उत्तरं पहिल्या वर्षी मिळत नाहीत. शिंद्यांनाही परदेशातून आल्यावर नेमकं काम सापडायला तीन वर्षं लागली. तेवढा वेळ नव्या माणसाला देणं, आणि त्या वेळात त्याला एकटं न सोडणं, हे काम संस्थेचं, घराचं आणि गावाचं आहे.